वरच्या मजल्यावरचा गोल

विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये अफताब संध्याकाळी मोबाइलवर आवडत्या संघाची मॅच बघत होता. अचानक वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "गोल!" मिनिटभरानं पडद्यावर गोल झाला.

"त्यांचं नेट फास्ट आसंल," मटार सोलत बायको फिरदोस म्हणाली.

"वरच्या फ्लॅटला तर कुलूप हाय की!"

संशयानं तो वर गेला. कुलपावर धूळ होती. त्यानं दाराला कान लावला. आत पुन्हा कुणीतरी ओरडलं, "गोल!" आवाज हुबेहूब त्याचाच होता.

खाली येऊन तो फिरदोसचा हात धरून बसला. पडद्यावर चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "गोल!"

तेवढ्यात वरून फिरदोसची किंकाळी आली, "आवं, डोळं उघडा की!"

शेजारी बसलेल्या फिरदोसनं दचकून वर पाहिलं.