खोट नसलेली गाडी

काशीरामने मागच्या सीटखालची चटई उचलली आणि पत्र्यावर बोट फिरवलं. बोटाला सुकलेला गाळ लागला. त्याने ते बोट दीपेशसमोर धरलं.

दीपेश पनवेलचा, जुन्या गाड्यांचा एजंट. त्याने मान दुसरीकडे वळवली. गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली होती, आणि वास येऊ नये म्हणून आत भरपूर अत्तर मारलेलं होतं.

काशीराम नेरे गावचा. सारा जन्म त्याने टेम्पो चालवला होता, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्याला गंडवणं सोपं नव्हतं. ही गाडी घ्यायची होती रंजिताच्या लग्नासाठी. एकुलती एक लेक. नवरा मुलगा, प्रणित, पनवेलचाच. बंदरात कायमची नोकरी, स्वतःचं दुमजली घर. त्याचं आधी एक लग्न झालं होतं, पण ती बायको वारली. कशाने, ते काशीरामने विचारलं नव्हतं. जमत आलेल्या सोयरिकीत असले विषय काढू नयेत, असं त्याची बायको शकू म्हणाली होती.

मुलाकडच्यांनी तसं काही मागितलं नव्हतं. प्रणितची आई एवढंच म्हणाली, की नवीकोरीच हवी असं काही नाही, जुनीही चालेल, पण गाडी चांगली असू दे. बसणार शेवटी तुमचीच लेक.

ते वाक्य काशीरामच्या मनात घर करून बसलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, मांडववाल्याला सांगून झालं, तरी गाडी काही मिळेना. एक गाडी फारच कमी चाललेली म्हणून दाखवली. क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरीच्या मीटरचा आकडा मागे फिरवलेला. तिसरी त्याला खरंच आवडली होती. बॉनेट उघडून बघितलं तर आतला पत्रा जोडलेला. खोदून विचारल्यावर मालकाने कबूल केलं, की एक्स्प्रेसवेवर अपघात झाला होता आणि चालवणारा जागीच गेला.

"जिच्यात माणूस मेलं, त्या गाडीत मी माझी लेक बसवायचा नाय," काशीराम म्हणाला आणि तिथून निघाला.

दीपेश वैतागला. इतकं तर लोक जावई बघतानाही बघत नाहीत, असं तो पुटपुटला. काशीरामने ते मनावर घेतलं नाही.

मग चार दिवसांनी दीपेशचाच फोन आला. उरणच्या बाजूला एक गाडी होती. पहिल्याच मालकाची, आणि मालक म्हणजे एक बाई, सोनाबाई नावाची. बाजारात सुकी मासळी विकणारी. तिने नेऱ्याच्या काशीरामलाच पाठव, असा निरोप दिला होता. आपण गाडी शोधतोय हे आता उरणपर्यंत पोचलं, म्हणून काशीरामला हसू आलं.

तो एकटाच गेला. सोनाबाईने घरामागच्या शेडमध्ये नेलं आणि गाडीवरचं कापड ओढलं. पांढरी गाडी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. काशीराम गाडीखाली आडवा झाला, चटया उचलल्या, दारांचे जोड चाचपले. कुठेच काही सापडलं नाही. चावी फिरवताच इंजिन असं सुरू झालं की त्याला भरून आलं. मागच्या सीटवर हिरव्या चुड्यातली रंजिता त्याला दिसायला लागली.

इतकी चांगली गाडी का विकतेस, असं त्याने विचारलं.

सोनाबाईने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"ही माझ्या कीर्तीची," ती म्हणाली. "लग्नात दिलेली. वरीस झालं नाय तं ती गेली. गच्चीवर कपडे काढताना पडली, असं पोलिसांनी लिवून घेतलं. पण मी तिला न्हाऊ घातलंय, दादा. पाठीवरचे वळ पडून उठलेले नव्हते."

काशीरामने हातातला तांब्या खाली ठेवला. पोर कुठे दिली होती, असं त्याने हळूच विचारलं.

तिने प्रणितचं नाव घेतलं. त्याच्या आईचं घेतलं. दुमजली घर कुठल्या गल्लीत आहे, तेही सांगितलं.

"तुझी पोर तिथं देतोस, ते मला बाजारात कळलं. तुझ्या घरी आले असते तर तू मला हाकललं असतंस. गाडी बघायला येशील, ते मला ठाव होतं. मी त्यांच्या दारात पोरीचा जाब मागायला गेले होते. त्यांनी माझ्या हातात ह्या गाडीची चावी ठेवली. तुझी पोर नको पाठवू तिथं."

काशीराम ढसाढसा रडला. त्याने सोनाबाईच्या पायांना हात लावला. तू माझ्यावर उपकार केलेस, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मग फोन काढून त्याने रंजिताला लावला. काय करतेस, जेवलीस का, एवढंच विचारलं. ती हातावर मेंदीची नक्षी कुठली काढायची ते ठरवत होती. मी येतो घरी, मग बोलू, असं म्हणून त्याने फोन ठेवला. सोनाबाईने डोळे पुसले आणि गाडी पुन्हा झाकायला ती उठली.

काशीरामही तिच्यामागून शेडमध्ये गेला. कापडाचं एक टोक त्याने हातात धरलं, पण गाडीवर टाकलं नाही. तो गाडीभोवती एकदा सावकाश फिरला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"बाय," तो म्हणाला, "दुसरा रंग मारून हीच लग्नात दिली तं वळखतील काय गं ती माणसं?"