पटाची जोडी

"आत गेल्यावर एक शब्द काढान तं पाहा," मैनाबाईने कोर्टाच्या व्हरांड्यात नवऱ्याला पुन्हा बजावले. "वकील बोलन. तुमी फक्त मान हालवाची."

बाबनराव धोतराचा सोगा नीट करत भिंतीशी उभे राहिले.

मैनाबाईचे डोके बाजारातल्या त्या दिवसापासून भडकलेलेच होते. राग खटला भरणाऱ्या पोलिसावर होता, पण त्याहून जास्त या माणसावर होता. पटाची जोडी कोणी रेंगीला, माणसे वाहायच्या साध्या बैलगाडीला, जुंपतो का? शंकरपटाच्या शर्यतीत धावायला पोसलेले बैल ते. वासरे होती तेव्हापासून तिने त्यांना आपल्या हाताने सरकीची ढेप चारली, घरात दुधाची वानवा असताना त्यांना दूध पाजले. आणि हे महाशय बायकोला बाजार दाखवायला तीच जोडी घेऊन हिंगण्याकडून थेट सीताबर्डीत शिरले. गावचा पट सोमवारवर आला होता. गुन्हा शाबीत झाला तर जोडी कोंडवाड्यात जाईल, असे वकिलाने स्पष्ट सांगितले होते.

झाले होते ते असे. चौकात पोलिसाने हात वर करून रहदारी थांबवली. रेंगीच्या शेजारी एक काळी मोटार येऊन उभी राहिली. पोलिसाने हात खाली केला. पटात झेंडी खाली आली की जोडी सुटते, बैलांना एवढेच ठाऊक. ते सुटले. कासरा ओढायचा सोडून बाबनरावांनी अशी काही आरोळी ठोकली की संत्रेवाले टोपल्या टाकून पळाले. मैनाबाई मागे दांडा धरून नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

पुकारा झाला. सगळे आत गेले. पोलिसाने साक्ष दिली की आरोपीने भर बाजारात रेंगी भरधाव हाकली, इतकी की मोटारसुद्धा मागे पडली. मॅजिस्ट्रेटसाहेबांना ते काही पटलेले दिसले नाही. त्यांनी मोटारीच्या मालकाला बोलावले.

कृष्णकांत शेठ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. सीताबर्डीवर कापडाचे मोठे दुकान, अंगात कडक इस्त्रीचा कोट. हा आता खरे सांगणार आणि जोडी गेली, असे मैनाबाईला वाटले.

शेठजींनी एकदा मागे वळून पाहिले. बाकांवर बाजारातली ओळखीची माणसे बसली होती.

"बैलगाडी माझ्या मोटारीच्या पुढे जाईल, साहेब? नवी कोरी गाडी आहे. ते मरतुकडे बैल चौकातच मागे राहिले. पाय ओढत चालले होते बिचारे."

कोर्टात हशा पिकला. पोलिसाचे तोंड उतरले. वकील मिशीतल्या मिशीत हसला. मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले की सरकारी साक्षीदारच असे सांगत असेल तर खटल्यात काही उरत नाही. मग त्यांनी आरोपीला विचारले, साक्षीदाराचे म्हणणे त्याला कबूल आहे ना.

बाबनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा त्यांनी असा आवळला की बोटे पांढरी पडली. त्यांनी बायकोकडे पाहिले. मग मान हलवली.

सुटलो, असे मैनाबाईला वाटायला हवे होते. पण तिच्या अंगाची लाही लाही होत होती. मरतुकडे म्हणे. पाय ओढत म्हणे. तिच्या पोरांसारख्या बैलांना चारचौघांत असे म्हणून हा कोटवाला मजेत रुमालाने तोंड पुसत होता, लोक हसत होते, आणि आपला माणूस गरीब गाईसारखा उभा होता. तिला नवऱ्याची कीव आली, आणि कीव आल्याचाही तिला राग आला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निकाल लिहायला टाक उचलला. मैनाबाई पदर खोचून बाकावरून उठली. शिपायाने आडवा घातलेला हात तिने बाजूला सारला.

"थांबा, साहेब. हा शेठ खोटं बोलून राहिला. मी रेंगीतच होती. याची मोटार मांगं राहिली, पार मांगं. जोडी कोंडवाड्यात टाकाची तं टाका, पण हे आधी लिहून घ्या."