डोळ्यांतली चमक

पडद्यावर गायिकेचा चेहरा आला तशी टेबलाभोवतीची माणसं पुढे सरकली. भिंतीएवढा चेहरा. केस विस्कटलेले, डोळे चकाकणारे, कानाच्या पाळ्या लालसर. नव्या गाण्यांच्या जाहिरातीसाठी कालच काढलेला फोटो होता.

"मनात येईल ते बोला," जाहिरात कंपनीचा माणूस म्हणाला. "कशी वाटते ही मुलगी?"

चाहते म्हणून बोलावलेल्या त्या चारपाच जणांत गायिकेची आईही बसली होती. ओळखीच्यांना इथे मज्जाव, म्हणून खोटं नाव सांगून शिरली होती. करणार काय? लेकीचा फोन मॅनेजर उचलायचा, 'मॅडम कामात आहेत' म्हणायचा नि ठेवून द्यायचा. मागे कधीतरी फोनवर लेक नुसती खोकली होती, तेव्हापासून आईच्या जिवाला थारा नव्हता. इथे तरी कोणी ऐकून घेईल, एवढीच आशा.

"एकदम बिनधास्त," कॉलेजची मुलगी म्हणाली.

"छे, प्रेमभंग झालाय," पार्लरवाली म्हणाली. "डोळे बघा की."

निवृत्त मास्तरांना बंडखोरी दिसली. मास्तरांना वर्गातही तीच दिसत आली असणार.

कंपनीचा माणूस खुलला. दिवा बाजूने का ठेवला, केस मुद्दाम का विस्कटले, नजर कॅमेऱ्यावरून जराशी का हटवली, सगळं त्याने हौसेने फोड करून सांगितलं. "एक गोष्ट मात्र आमची नाही. ही डोळ्यांतली चमक! ती कुठून आली, आम्हालाच कळेना."

"ताप आहे तिला," आई म्हणाली.

सगळे वळले.

"लहानपणापासून असंच. ताप चढला की डोळे लकाकतात, कान लाल होतात. अंगावर काढते, बोलायची नाही. डॉक्टरांना दाखवा हो तिला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी आई आहे तिची."

"मग मी मावशी!" पार्लरवाली म्हणाली, आणि खोलीभर हशा पिकला. मास्तरसुद्धा हसले.

आईने मोबाइलमधला लेकीचा जुना फोटो पुढे केला. दोन वेण्या, पुढे आलेले दात, बसकं नाक. त्या माणसाने फोटो पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. दात, नाक, नाव, कंपनीने सगळंच बदललेलं. जुळणार काय, कपाळ?

तो मात्र हसला नाही. त्याचा आवाज भरून आला होता. "बघितलंत? परक्या बाईला आपण हिची आई आहोत असं वाटतंय. याहून मोठी पावती कोणती?"

"अहो, माझं खोटं समजा," आईने हात जोडले. "पण एक फोन लावा. तिला बरं नाहीये, एवढं कळवा."

"लावतो की, आत्ताच लावतो."

त्याने खरंच फोन काढला. आईचा जीव भांड्यात पडला. ती उठून त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"हां, फोटो पक्का," तो फोनवर म्हणाला. "थेट काळजाला भिडतोय. उद्याचेही सगळे अस्सेच हवेत. आणि ऐक, मधे तिला विश्रांती-बिश्रांती देऊ नका. चमक जाईल."