वर जाणारा हात

व्यायाम म्हणून आई भिंतीवर बोटं वरवर चढवत होती. स्तनाच्या शस्त्रक्रियेपासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि केमोने उरलीसुरली ताकदही नेली होती. दवाखान्याने वापरायला दिलेली राखाडी यांत्रिक बाही तिच्या हातावर असायची; ती तिच्या हालचाली शिकून घ्यायची आणि स्नायू कमी पडले की तेवढाच जोर पुरवायची.

"अजून एकदा," हेमांगी म्हणाली.

"तुला 'पुरे' म्हणायला शिकवायचंच राहिलं माझं," असं म्हणत आईने हात पुन्हा वर नेला.

त्याच संध्याकाळी आईला ताप चढला. त्यातच ती गेली.

बाही परत करायच्या दिवशी हेमांगीने ती स्वतःच्या हातावर चढवली. तिने हात सैल सोडला होता, तरी बाही आईकडून शिकलेल्या हालचालींनी हलली. हात भिंतीवर चढू लागला, खांद्याशी थरथरला, तरी वर गेला. मग व्यायामात नसलेलं काहीतरी घडलं. हात भिंतीपासून सुटला, हेमांगीएवढ्याच उंच कुणाच्या तरी गालावरून फिरावा तसा हवेत उतरला आणि मागे वळून त्याने तिच्याच कानशिलावर बोटं मोडली. लेकीची दृष्ट काढण्याइतका हात वर जावा, म्हणून आई एकटी असताना हे घोटत होती.

हात पुन्हा भिंतीकडे निघाला. हेमांगीने तो डाव्या हाताने धरला.

"पुरे, आई," ती म्हणाली. "बस आता."