चौकाला नाव देण्याआधी

चौकाला आजोबांचं नाव मिळणार, म्हणून भास्करराव निंभोरकर नवा सदरा घालून नगरवाचनालयात आले. पण हल्ली चाळणी लावल्याशिवाय कोणालाच चौक मिळत नसे. हे यंत्र जुन्या ध्वनिफितीतल्या गर्दीतून एकेक गळा सुटा करून ऐकवी, आणि गावातले बरेच थोर आजोबा त्यातून खाली गळले होते.

फीत एकाहत्तरच्या युद्धाच्या दिवसांतल्या गावसभेची होती. गावची विहीर दलितांना खुली करा, असं धोंडाबाई खरात ठणकावून सांगत होत्या. त्यांना पहिला पाठिंबा आपल्या आजोबांचा, हे निंभोरकरांच्या घरात पोराटोरांनाही पाठ होतं.

चाळणीने धोंडाबाईंना बाजूला केलं, तसा मागून एक घोगरा, नाकातला आवाज आला. “सीमेवर पोरं मरतायत आणि तुम्हाला विहीर सुचतेय? खाली बसा!”

आवाज हुबेहूब भास्कररावांचाच होता; तो त्यांना आजोबांकडूनच मिळाला होता.

धोंडाबाईंची नात संघमित्राताई नामकरण समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या वळल्या. “काका, कोण असतील हो हे?”

भास्कररावांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

“तोंडाने सांगा, नोंद करायचीय.”

“छे! आमच्यातलं नाही कोणी,” भास्करराव म्हणाले, आणि मागच्या रांगेत खसखस पिकली.

संघमित्राताई मात्र हसल्या नाहीत. “बरं. मग नाव काय द्यायचं, तुम्हीच सुचवा.”

भास्कररावांनी पेन मागून घेतलं आणि तोंड घट्ट मिटून कागदावर लिहिलं, ‘धोंडाबाई खरात चौक’.