मोकळं करा

"हे 'मोकळं करा' कुणी लिहिलं?" बेकरीवाल्याने विचारलं आणि सगळे टेलरकडे बघायला लागले. टेलर सुईत दोरा ओवत होता. दोरा आत जाईना.

फुटबॉल क्लबची नोटीस टेलरच्या दुकानात कटिंगच्या टेबलावर पसरलेली होती. 'समर्थक संघटनेच्या कळकळीच्या विनंतीस मान देऊन जनरल मॅनेजर यांना आज दुपारपासून मोकळे करण्यात येत आहे.' खाली अध्यक्षांची सही होती. बोर्डाने समर्थकांच्या एखाद्या विनंतीस मान देण्याची ही पहिलीच वेळ.

संघ गेली सात वर्षं तळाहून तिसरा येत होता. हे स्थान मिळवून देणारा माणूस म्हणजे जनरल मॅनेजर. तो येण्याआधी संघ तळाहून पहिला येत असे. समर्थकांचा त्याच्यावर जीव होता. सामन्याच्या वेळी तो वर काचेआड पासपोर्टच्या फोटोसारखा बसे, तरी जीव होता. गोलकीपरच्या हातमोज्यांसाठीसुद्धा त्याला बोर्डाच्या पाच सह्या लागतात, असं कळल्यावर लोक चिडले. संघटनेने पत्र द्यायचं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून सेक्रेटरी असलेल्या टेलरने ते लिहिलं. शेवटी त्याने मनापासून घातलं, 'साहेबांना आता मोकळं करावं, ही आम्हा सर्वांची कळकळीची विनंती.'

"मोकळीक द्यावी, असं लिहायचं होतं," गणिताच्या निवृत्त बाई म्हणाल्या. "मोकळं करा म्हणजे घरी पाठवा. नारळ द्या. एवढं कळू नये?"

"बाई, पहिली सही तुमची आहे."

"मी गणित शिकवायचे."

बेकरीवाल्याने दुकानाच्या शटरवर 'साहेब परत आणा' असं खडूने लिहिलं होतं आणि ते वाचता यावं म्हणून दुकान बंद ठेवलं होतं. कुणी म्हणालं, बोर्डाला दुसरं पत्र देऊ, खुलाशाचं. कल्पना सगळ्यांना पटली.

"टेलरच्या हातात पेन देऊ नका म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

टेलरने सुई-दोरा बाजूला ठेवला. तीस वर्षांत त्याने लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या, एका नवरदेवाचा कोट उलट्या अस्तराचा शिवला होता. ते सगळं उसवता आलं होतं. इथे एका भल्या माणसाची नोकरी घालवली होती, तीही सुवाच्य अक्षरात. त्याने मापाची टेप गळ्यातून काढली, चपला घातल्या आणि माफी मागायला निघाला.

साहेबांच्या घराचं दार बाईसाहेबांनी उघडलं.

"मी टेलर. ते पत्र..."

"म्हणजे ते तुम्ही!" त्या म्हणाल्या. टेलरला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. त्यांनी त्याला बसवलं आणि चहा ठेवायला गेल्या. हे जास्त वाईट होतं.

जनरल मॅनेजर हाफ पँटवर बाहेर आला. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. इतक्या जवळून त्याला टेलरने कधी पाहिलं नव्हतं. काचेशिवाय तर नाहीच.

"साहेब, माझ्याकडून चूक झाली," टेलर उभा राहून म्हणाला. "आम्हाला मोकळीक म्हणायचं होतं. मी बोर्डासमोर येऊन सांगतो. लेखी नको, तोंडी सांगतो."

"बसा हो. बोर्डालाही अर्थ लागत नव्हता. चौघे म्हणाले मोकळीक, तिघे म्हणाले नारळ. दोन तास भांडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, या लोकांची भाषा त्यालाच कळते, त्यालाच विचारा. मला आत बोलावलं."

"मग?"

"मी पत्र दोनदा वाचलं. सांगितलं, काढून टाका म्हणताहेत."

टेलर बसला. खुर्ची होती हे नशीब.

"पण साहेब, तुम्हाला तर खरा अर्थ कळला असणार."

"न कळायला काय झालं? राजीनामा मी तीनदा लिहिला होता. दर वेळी तुम्ही लोक फाटकावर माझ्या नावाने घोषणा देत उभे. तुम्हाला सोडून जातो असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, तुमच्याच विनंतीवरून गेलेलं बरं." त्याने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "शाळेत खेळाचा शिक्षक होतो मी. सोमवारपासून परत तिथेच."

"आमचं काही चुकलं का, साहेब?" टेलरचा आवाज बारीक झाला होता. "आम्ही काही कमी पडलो?"

जनरल मॅनेजरने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"सात वर्षं त्या काचेआड काढली टेलर, पंचाला एक शिवी दिलेली नाही."