कंगवा आणि नळाची धार

"मॅडम, आजारपणानंतरचा पहिलाच दिवस आहे. तो कंगव्याचा प्रयोग यंदा राहू द्या," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. "आणि केसांचा टोप जरा नीट बसवा. मुलं घाबरायला नकोत."

विज्ञानाच्या मॅडम तडक प्रयोगशाळेत शिरल्या. त्यांनी नळाची धार बारीक सोडली, डोक्यावरचा टोप काढून हातात घेतला आणि त्यावरून खसाखसा कंगवा फिरवला. कंगवा जवळ नेताच धार त्याच्याकडे वळली.

"मॅडम, मी! आधी मी!" टोपासाठी ढकलाढकली सुरू झाली. मुख्याध्यापक दारातच थबकले.

"उद्या पण आणाल ना टोप?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

 

"आणीन की," मॅडम दाराकडे बघत म्हणाल्या, "पण पिशवीतून."